एकही वळ नाही

१२ जानेवारी

पाय मोडून महिना होत आला. मी लेकीच्या घरी येऊन पडले आहे. सगळं आयुष्य पोहण्याच्या टँकच्या काठावर उभं राहून "धावू नका, घसराल!" असं ओरडण्यात गेलं, आणि स्वतः घसरले कुठे, तर घरच्या बाथरूममध्ये. तेही निवृत्तीनंतर. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरींना कळलं तर पोट धरून हसतील.

लेकीला आम्ही खारू म्हणतो. लहानपणी खारीसारख्या वस्तू दडवून ठेवायची. पेन्सिली, बिया, बाटल्यांची झाकणं. आणि मागितली की न शोधता बरोब्बर काढून द्यायची. आता दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये आहे. तिथल्या मालकीणबाई म्हणतात, हिने केलेला दात शेजारच्या खऱ्या दातालाही ओळखू येत नाही.

जावई कानांचे. कान तपासतात, ऐकायची मशीन बसवतात, स्वतःचा दवाखाना आहे. मला इथे आणायचा हट्ट त्यांचाच. घर दुसऱ्या मजल्यावर, लख्ख. कपांचे कान सगळे एका दिशेला. जावई इतकं हळू बोलतात की समोरच्याला पुढे वाकावंच लागतं. मी बोलले की तावदानं थरथरतात. पहिल्याच दिवशी हसून म्हणाले, "आई, इथे टँक नाही हं." मीही हसले. खारू हसली नाही. दमलेली असेल.

पोरींच्या सरावाच्या नोंदी लिहायची सवय होती. आता पोरी नाहीत, म्हणून स्वतःच्याच लिहिते.

१६ जानेवारी

खारूने चावी हरवली. पुन्हा. गाद्या उचलल्या, बुटांत हात घातले. शेवटी जावयांना सापडली, पिठाच्या डब्यात.

"अगं, तूच ठेवलीस ना सकाळी? मी बघितलं," ते म्हणाले. चिडले नाहीत, उलट तिच्या केसांवरून हात फिरवला.

"मी कशाला पिठात चावी ठेवीन?"

"तेच तर मला कळत नाही गं."

आमची खारू आणि वस्तू विसरते! लग्नानंतर माणूस बदलतं, दुसरं काय. मी तिला म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुझं?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच विषय बदलला.

२३ जानेवारी

जावयांच्या दवाखान्यात कान तपासले. काचेच्या खोलीत बसायचं, बारीक पीं ऐकू आलं की बटण दाबायचं. मला वाटलं सगळे पीं ऐकले, एकही सोडला नाही. बाहेर आले तर जावयांचा चेहरा उतरलेला.

"आई, दोन्ही कान बरेच गेलेत."

"पण मला तर ऐकू येतं!"

"सगळ्यांना तसंच वाटतं. जे ऐकू येत नाही ते मेंदू मनानेच भरून काढतो. म्हणून कधीकधी कोणी बोललेलं नसतं तेही ऐकू येतं."

आयुष्य शिट्ट्यांत आणि पोरींच्या गलक्यात गेलं, कान जाणारच. त्यांनी दोन्ही कानांना मशीन दिली, पैशांचं नावही काढू दिलं नाही. रोज सकाळी ते स्वतः बसवून देणार आहेत, म्हणजे मला त्रास नको. कानात बोळे घातल्यासारखं वाटतं. म्हणाले, सवय होईल.

१ फेब्रुवारी

जावई खारूशी बोलत नाहीयेत. माझ्याशी बोलतात, अगदी गोड. जेवताना मला म्हणतात, "आई, तिला सांगा, पाण्याचा जग इकडे द्यायला." ती समोरच बसलेली असते. मी सांगते, ती देते. आधी मला गंमत वाटली. पण आता किती दिवस झाले. आज खारूने विचारलं, "मी काय केलं ते तरी सांगा." त्यांनी पेपरचं पान उलटलं आणि मला विचारलं, उद्या थंडी वाढेल असं वाटतं का.

स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, "माफी मागून टाक बाई."

"कशाची, आई?"

"कशाची का असेना. घर शांत तर होईल."

"घर शांतच आहे गं," ती म्हणाली आणि भांडी विसळायला लागली.

संध्याकाळी तिने माफी मागितली. लगेच जावई खाली जाऊन फुलं घेऊन आले. बायकोला माफीनंतर फुलं आणणारे नवरे किती असतात?

८ फेब्रुवारी

खारूने काम सोडलं. जावई म्हणाले, तिचे हात थरथरतात, तिलाच नको होतं. मला वाटत होतं काल ती त्यांना म्हणाली, "तुम्ही मालकीणबाईंना फोन का केलात? मला सोडायचं नव्हतं." जावयांना विचारलं. ते म्हणाले, "आई, ती म्हणाली, 'बरं झालं फोन केलात, मला सोडायचंच होतं.'"

खारूला विचारलं, तर आधी दाराकडे बघितलं, मग म्हणाली, "ते म्हणतात तसंच असेल."

१५ फेब्रुवारी

रविवार दुपार. कान खाजत होते म्हणून मशीन काढून डबीत ठेवली होती. आडवी झाले होते. शेजारच्या खोलीतून जावयांचा आवाज आला, नेहमीचाच, लहान मुलाला गोष्ट सांगावी तसा.

"जा ना. कुठे जाशील? आईकडे? ती तर माझ्याच घरात आहे. तुला वेड लागलंय हे मी कशाला कोणाला सांगू? तुझी आईच सांगेल. स्वतःच्या तोंडाने."

खारूचा आवाज नाही. मग कपाटाचं दार लागल्याचा आवाज.

मनात ठेवून कुढणं माझ्या स्वभावात नाही. चहाच्या वेळी सरळ जावयांनाच विचारलं. ते इतकं निर्मळ हसले. "आई, मी तिला म्हणत होतो, वेड्यासारखं करू नकोस, आईला सांग, आई समजून घेईल. मशीन घातली होती?"

"नाही."

"बघा."

सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे मेंदूने मनाने भरलं. पण असले शब्द माझ्या मेंदूत आले तरी कुठून? असं तर मला कधी कोणी बोललेलं नाही.

१७ फेब्रुवारी

जावई म्हणाले, "आई, किती छान लिहिता! उशी झटकताना वही पडली, थोडी वाचली." कौतुकच केलं. मला उगाच कसंसं झालं.

१८ फेब्रुवारी

पायाचे व्यायाम केले. घर छान आहे. जावई फार करतात माझं.

२१ फेब्रुवारी

व्यायाम केले. सगळं ठीक.

३ मार्च

खारू गेली. सकाळी कचरा टाकायला खाली उतरली ती परत आलीच नाही.

उतरायच्या आधी माझ्या खोलीत आली होती. हातात कचऱ्याची पिशवी. "आई, तू येतेस?" म्हणाली. मी म्हटलं, "ह्या पायाने? कचरा टाकायला?" ती हसली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून थोडी बसली. मग उठून गेली.

मला काय माहीत ती काय विचारत होती.

जावई ओरडले नाहीत, काही फेकलं नाही. तिचा कप धुतला, पुसला, मागच्या कपाटात नेऊन ठेवला. मग माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. "आता आपण दोघंच, आई."

वही आता पर्समध्ये ठेवते. पर्स अंथरुणात घेऊन झोपते. असंच.

११ मार्च

कोर्टाचा कागद आला. खारूने संरक्षण मागितलंय. जावयांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, म्हणजे त्यांच्यापुरतं मोठ्याने. नव्या कायद्यात मनाचा छळ हाही घरातला हिंसाचारच धरतात म्हणे. सतत कमी लेखणं, अबोला धरून नमवणं, काम आणि माणसं तोडणं, स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडेल असं वागणं. "म्हणजे उद्यापासून नवरा गप्प बसला तरी गुन्हेगार," जावई हसून म्हणाले.

मला त्यांचं पटलं. हिंसाचार मी पाहिलाय. पोहायच्या कपड्यात काही लपत नाही. पोरींच्या पाठीवर पट्ट्याचे वळ पाहिलेत, दोघीतिघींच्या बापांना घरी जाऊन दम भरलाय. खारूलाही मी तिच्या कपडे बदलण्याच्या वेळी डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं. एकही वळ नाही.

का बघितलं होतं, ते आता आठवत नाही.

जावई म्हणतात ती आजारी आहे, तिला दाखल करून उपचार द्यायला हवेत. कोर्टाला तशीच विनंती करणार आहेत. "तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. आईइतकं कोण ओळखणार लेकीला?"

१९ मार्च

मी गॅस चालू ठेवला म्हणे. मला वाटतं मी स्वयंपाकघरात गेलेच नव्हते. माझी काठी बाथरूममध्ये सापडली. काठीशिवाय मी तिथून पलंगापर्यंत आले कशी?

जावई माझ्याशी बोलेनासे झाले. ताट ठेवतात आणि जातात. घरात इतकं शांत की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला होतं. मी एकटीच खोकून बघते, आपला आवाज आहे ना म्हणून.

आज माफी मागितली. कशाची ते नीट कळलं नाही. पण ते लगेच बोलले, "अहो आई, त्यात काय!" आणि मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

२६ मार्च

हे खाली बागेतल्या बाकावर बसून लिहिते आहे. जावई दवाखान्यात आहेत. काठी टेकत कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले होते. मशीनचे सेल आणून ठेवावेत, जावयांचं एक काम वाचेल, एवढाच विचार.

दुकानदाराने नखाने झाकण उघडलं. दुसरं उघडलं. मला म्हणाला, "मावशी, ह्यांच्यात सेल नाहीतच की."

"संपले असतील."

"संपलेले असते तरी आत असते ना. नाहीतच. कानात घालून फिरताय कशाला?"

त्याने सेल घातले, मी मशीन कानात घातली, आणि रस्त्यावरची स्कूटर डोक्यातून आरपार गेल्यासारखी झाली. मी किंचाळलेच. त्याने घाईघाईने काढली. "मावशी, तुम्हाला ह्याची गरज आहे असं सांगितलं कोणी?"

मी त्याला सेल परत काढायला लावले. रिकामी मशीन कानात घालून इथे येऊन बसले आहे. बोळेच ते. मग त्या रविवारी मी जे ऐकलं—

जावयांना विचारायला हवं. मी नेहमी सरळ विचारते. पण विचारणार नाही आहे. का, ते लिहावंसंही वाटत नाही.

२ एप्रिल

साक्षीची तयारी. जावई माझा हात हातात घेऊन शिकवतात.

"तिला लहानपणी भास व्हायचे."

"भास नाही, झाडांशी बोलायची. सगळीच पोरं बोलतात."

"आई, तुम्हीच मला 'भास' म्हणाला होतात. विसरलात?"

मी "हो" म्हटलं. हो म्हणायला काही लागत नाही. तोंड आपोआप म्हणतं.

९ एप्रिल

हे कसं लिहू कळत नाही, पण आजचं आजच लिहायला हवं.

कोर्टाची खोली आमच्या टँकवरच्या जुन्या कपडे बदलायच्या खोलीएवढीच. वर पंखा, समोर न्यायाधीशबाई, त्यांना सर्दी झालेली. खारू पलीकडे, केस कापलेले, शेजारी तिची तरुण वकीलबाई. खारूने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

आधी जावयांच्या वकिलांनी विचारलं. मुलीवर कधी हात उचलला? नाही. शिवी दिली? नाही. आवाज चढवला? कधीच नाही. सगळं खरंच सांगत होते मी. मग ते म्हणाले, "तुमच्या मुलीला लहानपणापासून—"

"एक मिनिट," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "बाई, प्रत्येक उत्तराच्या आधी तुम्ही तिकडे का बघताय?"

"कुठे?"

"जावयांकडे."

"छे, नाही हो," मी म्हटलं. आणि त्यांच्याकडे बघितलं.

मागे कोणीतरी श्वास आत ओढला. मला तोवर खरंच माहीत नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी जावयांना बाहेर थांबायला सांगितलं. ते उठले, खुर्ची आवाज न करता मागे सरकवली. "सावकाश, आई," म्हणाले. दार लागलं.

"घरात तुमचा दिवस कसा जातो ते सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. मला वाटलं हे सोपं आहे. सांगायला लागले. सकाळी ते मशीन बसवून देतात. मग मी विचारते, खिडकी उघडू का.

"विचारता?"

"हो. खिडकी, रेडिओ. खाली जायचं असलं तर. दुसऱ्यांदा चहा हवा असला तर."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर बोलत नाहीत."

"किती वेळ?"

"माफी मागेपर्यंत."

"कशाची माफी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. समोर खारू बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, परीक्षेला बसल्यासारखी. हेच तिने मला विचारलं होतं, स्वयंपाकघरात, ओल्या हातांनी. आणि मी तिला काय सांगितलं होतं.

मग मी सगळं सांगितलं. पिठातली चावी, मालकीणबाईंना केलेला फोन, पाण्याचा जग. रविवारचे ते शब्द जसेच्या तसे. मशीन कानातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, उघडून बघा. जावयांचे वकील म्हणाले, साक्षीदार वयोमानाने गोंधळलेल्या आहेत. न्यायाधीशबाई नाक पुसत म्हणाल्या, "मला तशा वाटत नाहीत."

वकिलांनी पुन्हा विचारलं, "पण हात कधी लावला नाही, हे खरं ना?"

"खरं आहे," मी म्हटलं. "त्याला हात लावावाच लागत नाही."

१० एप्रिल

आदेश मिळाला. त्याने खारूच्या आणि माझ्या जवळ यायचं नाही, फोन नाही, निरोप नाही. खारूला दाखल करायची विनंती फेटाळली.

पोलीसबाईंना सोबत घेऊन सामान आणायला गेले. त्याने बॅग आधीच भरून ठेवली होती, कपडे इस्त्री करून. "काळजी घ्या, आई. कधी परत यावंसं वाटलं तर दार उघडंच आहे." किती प्रेमाने म्हणाला. पोलीसबाईही त्याच्याकडे बघून हसल्या. आणि खोटं कशाला लिहू, जिना उतरताना मला वाटलं, परत वर जावं आणि माफी मागावी.

२ जून

टायरच्या दुकानावर खोली घेतली आहे. दिवसभर खालून हातोडे. मला आवडतात. खारू पुन्हा दात करायला लागली. मालकीणबाईंनी स्वतः येऊन नेलं तिला.

आज मी खिडकीशी वाचत बसले होते, पुस्तकात गुंगले होते इतकंच. संध्याकाळ झाली. खारू दारात उभी, चेहरा पांढराफटक. "आई, माझं काही चुकलं का?"

मी पुस्तक टाकलं आणि बोलत सुटले. काहीही. कोणत्या पोरीने टँकमध्ये चष्मा हरवला, कोणती भीतीने माझ्या गळ्यात पडून मलाच बुडवायला निघाली होती. तिच्या चेहऱ्यावर रंग येईपर्यंत बोलले.

२९ ऑक्टोबर

खारू वकीलबाईंना फोन लावते आहे, तेवढ्यात हे लिहून घेते.

मघाशी माझा फोन वाजला. अनोळखी नंबर, तरुण मुलीचा आवाज, इतका हळू की मला फोन कानात खुपसावा लागला.

"तुम्ही त्यांच्या आधीच्या सासूबाई ना? रागावू नका. ते म्हणतात तुम्ही दोघी आजारी होता. मला फक्त एक विचारायचं होतं."

"विचार."

"मी त्यांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर काम करायचे, तिथल्या तुमच्या फायलीवर हा नंबर होता. आता घरीच असते, त्यांच्याकडे. मी फार विसरते हल्ली. आणि ते बोलत नाहीयेत माझ्याशी, खूप दिवस झाले. तुम्ही राहिला आहात त्यांच्याबरोबर. ते पुन्हा बोलायला लागावेत म्हणून मी काय करू?"

मी म्हटलं, "बाळा, तुझी आई कुठे असते?"

"आई नाही मला. कोणीच नाही. म्हणून तर ते म्हणाले—" आणि थांबली. मला फोनमधून ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं. कुलपात चावी फिरली. आणि दुरून, अगदी मायेने, "कोणाशी बोलतेस गं?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागत नाही.

मी खारूला सगळं सांगितलं. मला वाटलं ती खाली बसेल. ती गेली आणि माझी काठी आणि दोघींच्या चपला घेऊन आली. माझ्या चपला तिने माझ्या पायांसमोर नीट सरळ मांडल्या. वकीलबाई म्हणताहेत, त्या निघाल्या आहेत, पोलीसबाईंना घेऊन येताहेत, आम्ही त्याच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायचं.

आदेश मी पाठ केलेला आहे. त्याने आमच्या जवळ यायचं नाही, असं त्यात लिहिलंय. आम्ही त्या मुलीच्या दारापर्यंत जायचं नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही.